नाक आणि पोट: वास आणि खाणं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूक पोटात लागते आणि चव जिभेला कळते, असं आपण धरून चालतो. नाकाचं नाव निघतं ते 'नाक मुरडू नकोस' एवढ्यापुरतंच. खालचे प्रश्न स्वयंपाकघरात, पंगतीत आणि दवाखान्याच्या बाकावर नेहमी ऐकू येणारे आहेत. वासाने भूक चाळवते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पोट रिकामं आहे की भरलेलं, यावर नाकाचं काम बदलतं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून त्या बाजूला इथे जरा जास्त जागा दिली आहे.

सर्दी झाली की जेवण बेचव लागतं. जीभ तर ठीक असते ना?

जीभ ठीकच असते. तिला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. उमामी ही ग्लुटामेटची चव १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी ओळखली. तिखट ही चव नव्हेच, ती आग असते. म्हणून नाक चोंदलेलं असलं तरी ठेचा झोंबायचा तेवढा झोंबतोच.

बाकी सगळं, म्हणजे हा मसाला मालवणी की कोल्हापुरी, तूप कढवताना लागलं की नाही, आमटीत गोडा मसाला आहे की नाही, हे नाक सांगतं. घास चावताना त्यातली वाफ घशाच्या मागून वर नाकात चढते आणि श्वास सोडताना आपल्याला तो वास लागतो. सर्दीत हीच मागची वाट बंद होते.

घरी करून बघा. वेलचीची पूड आणि पिठीसाखर एकत्र करा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि चिमूटभर जिभेवर टाका. गोड लागेल, थोडं खरखरीत लागेल, जरासा गारवा जाणवेल, बस. दहा सेकंदांनी नाक सोडा. वेलची एकदम उमलते, आणि ती नाकात नव्हे तर जिभेवर उमलल्यासारखी वाटते. मेंदू हा वास तोंडाच्या खात्यावर जमा करतो, म्हणून आपण त्याला चव म्हणतो. लहान मुलांना हा प्रयोग फार आवडतो. वेलचीची डबी मात्र लपवून ठेवा.

कुत्र्यापुढे माणसाचं नाक काहीच नाही म्हणतात. मग खाण्यात त्याचं एवढं काय?

कुत्र्याशी बरोबरी कशाला? माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं, आहेत, उंदरात हजाराच्या आसपास. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एकेक वास अनेक ग्राहकांना वेगवेगळ्या जोड्यांनी जागं करतो, त्यामुळे ४०० मध्ये भरपूर भागतं. बासमती किंवा आंबेमोहोर शिजताना जो सुवास सुटतो, त्यातला मुख्य रेणू २-असिटिल-१-पायरोलीन. पाण्यात तो अब्जात एका भागापेक्षाही कमी असला तरी माणसाला कळतो. एवढं नाक पुरे आहे.

भूक लागली की शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास जास्त येतो. हा भास आहे का?

नाही. उपाशीपोटी नाक खरोखर वेगळं काम करतं.

रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. ते भूक वाढवतं हे आधी माहीत होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की घ्रेलिन दिलेल्या उंदरांना अगदी फिका वासही कळू लागतो, आणि माणसांना ते शिरेतून दिलं तर ती जोरात हुंगू लागतात. २०१४ मध्ये उंदरांवरच्या आणखी एका अभ्यासाने दाखवलं की उपाशी असताना मेंदूच्या वासकेंद्रात एंडोकॅनाबिनॉइड ही रसायनं वाढतात, त्यामुळे वास जास्त जाणवतो आणि मग उंदीर खातोही जास्त. मेंदूत ही रसायनं जिथे बसतात, त्याच जागी गांजातले घटकही जाऊन बसतात. गांजा ओढणाऱ्यांना मागून खा-खा सुटते, त्यामागे हाही भाग असावा.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात केलेला प्रयोग जास्त मजेशीर आहे. लोकांना दालचिनीचा बन आणि देवदाराचं लाकूड यांचे वास वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून दिले आणि विचारलं, यात कशाचा वास जास्त आहे? भुकेल्या माणसाला बनचा वास थोडा असला तरी 'बन' असंच वाटायचं. तीच माणसं बन खाऊन आली की त्यांना तो ओळखायला जास्त प्रमाण लागायचं. मिश्रण तेच, पण पोट भरल्यावर नाकाने वेगळा कौल दिला.

एकादशीला दुपारी चारच्या सुमारास शेंगदाण्याच्या कुटाचा आणि जिऱ्याचा वास दोन मजले ओलांडून येतो तो यामुळे. 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणून हसणाऱ्यांनी घ्रेलिनचाही विचार करावा. (साबुदाणा आणि बटाटा यांची बाजू मी घेत नाही. तो स्वतंत्र गुन्हा आहे.)

आणि जेवून उठल्यावर तोच वास नकोसा का होतो?

याची दोन कारणं आहेत. पहिलं सगळ्या शरीराचं. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ मध्ये मांडलं की एखादा वास किंवा चव सुखाची वाटणं हे त्या पदार्थावर ठरत नाही, शरीराला त्या क्षणी त्याची गरज किती आहे यावर ठरतं. ताटावर बसताना ज्या मटणाच्या वासाने जीव कासावीस होतो, तेच मटण हात धुतल्यावर 'झाका ते' होतं. मटणात काही बदल झालेला नसतो.

दुसरं कारण त्या-त्या पदार्थापुरतं. एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी दाखवलं की माणूस केळी खाऊन तृप्त झाला की केळ्याचा वास त्याला कमी आवडू लागतो, पण दुसऱ्या पदार्थाचा वास पूर्वीइतकाच छान वाटत राहतो. पंगतीत 'आता एक घासही जाणार नाही' म्हणणारा माणूस जिलेबीची परात दिसताच सरसावून बसतो, त्याचं मूळ इथे आहे. पोट वरणभाताला कंटाळलेलं असतं, जिलेबीला नाही. बुफेत माणूस जास्त खातो तेही यामुळेच: दर दोन पावलांवर नवा वास.

स्वयंपाक करणाऱ्याची भूक मरते ती का? "वासानेच पोट भरलं," असं आई नेहमी म्हणते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याला सगळ्यात कमी गांभीर्याने घेतलं जातं. 'चाखत असशील मधेमधे' असं म्हणून मोकळं व्हायचं, एवढंच.

रोल्स यांच्या १९९७ च्या अभ्यासात लोकांनी केळं खाल्लंच नाही. एका जेवणाला लागेल साधारण तेवढा वेळ नुसतं हुंगलं. तेवढ्यानेही केळ्याच्या वासाची गोडी उतरली. आता पुरणपोळीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी डाळ शिजली, गूळ घातला, पुरण आटलं, जायफळ-वेलची पडली, कटाची आमटी उकळली, आणि मग तासभर तव्यावर तुपाचा धूर. नाकाने हे सगळं जेवण तीन-चार तासांत केव्हाच संपवलेलं असतं. शेवटची पोळी पानात पडते तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाला जो घमघमाट येतो, तो तव्यापाशी उभ्या असलेल्या बाईला जवळजवळ येतच नाही. सतत एकच वास आला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. गंमत म्हणजे तिला त्या वेळी पुरणपोळी नको असते, पण दहीभात किंवा लोणचं-भाकरी चालते. पोट भरलेलं नसतंच, एका वासाचा वीट आलेला असतो.

उष्णता, उभं राहून आलेला शीण, चव बघताना गेलेले चार घास, हेही त्यात असतंच. उपाय म्हणून एवढंच करता येईल: पंखा किंवा चिमणी चालू ठेवा, पोळ्या संपल्यावर अर्धा तास स्वयंपाकघराबाहेर जा, तोंड धुवा, मग बसा. आणि शेवटच्या पोळ्या दुसऱ्या कुणी लाटल्या तर फारच उत्तम. यासाठी कुठल्याही संशोधनाची गरज नाही.

मग नुसता वास घेऊन वजन कमी होईल का?

तशा दाव्यांवर पैसे घालवू नका.

उंदरांत वासाचा आणि वजनाचा संबंध चांगलाच दिसलेला आहे. २०१७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या नाकातल्या वासाच्या पेशी तात्पुरत्या नष्ट केल्या. चरबीयुक्त खाणं देऊनही ते उंदीर साध्या उंदरांपेक्षा बारीक राहिले, आणि ज्यांचं नाक जास्त तीव्र होतं ते उंदीर जास्त जाड झाले. गोम अशी की वास न येणारे उंदीर फार कमी खात होते असं नाही; त्यांचं शरीर चरबी जास्त जाळत होतं. म्हणजे शरीरातली ऊर्जा साठवायची की खर्चायची, यातही नाकाचा हात दिसतो. पण हे उंदरांचं झालं. वास गेलेली माणसं अशी सुखासुखी बारीक होत नाहीत, ते पुढे येतंच.

माणसांत वास किती वेळ येतो यावर बरंच अवलंबून असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ बिस्किटांसारख्या चमचमीत पदार्थाचा वास आला तर लोक तसलंच खाणं निवडायचे. तोच वास दोन मिनिटांहून जास्त राहिला तर उलट. यावरून वडापावच्या गाडीपाशी दोन मिनिटं उभं राहून बघायचं असेल तर बघा. मला दुसऱ्या मिनिटाची खात्री देता येत नाही.

पोट भरलेलं असतानाही बेकरीवरून जाताना पाय का अडखळतात?

वास हा पोटाला आगाऊ निरोप असतो. अन्नाचा वास येताच लाळ सुटते, जठरात पाचक रस पाझरू लागतो. पचनाच्या कामासाठी १९०४ चं नोबेल मिळालेल्या इव्हान पावलोव यांचं संशोधन इथूनच सुरू होतं. त्यातही निरोप नेमका असतो: नेदरलँड्समधल्या अभ्यासांत दिसलं की गोड पदार्थाच्या वासाने गोडाचीच इच्छा वाढते, खाऱ्याची नाही. ताज्या नानकटाईच्या वासाने तुम्हाला भाकरी खावीशी वाटणार नाही.

झोप अपुरी झाली असेल तर हा मोह आणखी वाढतो. एका रात्रीच्या जागरणानंतर मेंदूचा वास ओळखणारा भाग अन्नाच्या वासाला वेगळा प्रतिसाद देतो आणि माणसं जास्त उष्मांकाचं खाणं उचलतात, असं २०१९ मध्ये दिसलं. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोह्यांवर भागत नाही, शेव आणि वर एक बटाटेवडा लागतो, तो नुसता आळस नसतो.

सुक्या बोंबलाच्या वासाने एकाच्या तोंडाला पाणी सुटतं, दुसऱ्याला मळमळतं. नाकं वेगळी असतात का?

थोडी असतात, जनुकांमुळे काही वास एकाला येतात, दुसऱ्याला येत नाहीत. पण बोंबलाच्या बाबतीत मुख्य फरक नाकाचा नाही, घराचा आहे.

मासळीच्या वासातला मोठा वाटा ट्रायमिथिलअमीन या रेणूचा. आंबट पदार्थाने तो क्षारात बदलतो आणि हवेत उडत नाही. कोकम, चिंच, लिंबू यांची मासळीशी पडलेली गाठ चवीपुरती नाही. बांगड्याच्या तिखल्यात चार तिरफळं ठेचून पडली की त्यांचा संत्र्याच्या सालीजवळ जाणारा वास उरलेल्या उग्रपणावर मात करतो. कोकण-गोव्याच्या बायकांनी हे रसायनशास्त्र न शिकता बसवलेलं आहे.

चांगला-वाईट वास बहुतेक शिकलेला असतो, आणि हे शिक्षण जन्माआधी सुरू होतं. आईने खाल्लेल्या पदार्थांचे वास गर्भजलात आणि पुढे दुधात उतरतात. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये दाखवलं की गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना ज्या आया गाजराचा रस प्यायल्या, त्यांच्या बाळांनी गाजराच्या स्वादाची पेज पहिल्यांदा खाताना तोंड कमी वाकडं केलं. त्याआधी लसणाबाबतही आढळलं होतं की आईने लसूण घेतला की दुधाला तो वास येतो आणि बाळ अंगाला जास्त वेळ चिकटून राहतं. बाळंतिणीच्या पानातली शेपू बघून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बाळाची पहिली पंगत तिथे चाललेली असते.

आणि एक: हुंगताना नकोसा वाटणारा वास तोंडात गेल्यावर हवासा होऊ शकतो. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्येच म्हटलं होतं की वास हे दोन तोंडांचं इंद्रिय आहे, बाहेरचं जगही टिपतं आणि तोंडातलंही. बोंबील भाजताना खिडक्या उघडणारी माणसं पानात तोच बोंबील दोनदा मागून घेतात.

एकदा एका पदार्थाने उलट्या झाल्या, तेव्हापासून त्याचा वासही सहन होत नाही. हे जाईल का?

हळूहळू जातं, पण चिवट असतं. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांत हे दाखवलं: एखादी चव आणि नंतरची मळमळ यांची एकदाच गाठ पडली तरी ती पक्की बसते. पदार्थ निर्दोष असला तरीही. म्हणूनच केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला उपचाराच्या दिवशी त्याच्या आवडीचं खाऊ घालू नये. नावडतं झालं तर हळहळ वाटेल.

गरोदरपणात नाक खरंच तिखट होतं का?

बायका तसं सांगतात, पण चाचण्यांमध्ये फिका वास ओळखण्याची क्षमता सातत्याने वाढलेली दिसत नाही. वाढतो तो वासाचा तिटकारा. मळमळीमागे गर्भाकडून येणाऱ्या जीडीएफ१५ या संप्रेरकाचा मोठा हात असल्याचं २०२३ मध्ये स्पष्ट झालं. फोडणीचं काम या काळात घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. थंड किंवा कोमट खाणं सोपं जातं, कारण वाफ कमी म्हणजे वास कमी.

कोविडनंतर कांदा, लसूण, कॉफी, अंडं यांना सडका वास येऊ लागला. खायचं काय?

याला पॅरोस्मिया म्हणतात. वास येतो पण चुकीचा येतो. कोविडचा विषाणू मुख्यतः वासाच्या मज्जापेशींना नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना गाठतो. पुढे डागडुजी होताना जोडण्या नीट बसत नाहीत. सगळ्यात जास्त त्रास देतात ते गंधकाचे रेणू आणि भाजताना-तळताना तयार होणारे पायराझिन, म्हणजे नेमकं आपल्या स्वयंपाकाचं वैभव: परतलेला कांदा, लसणाची फोडणी, भाजलेलं खोबरं.

या दिवसांत दहीभात, ताक, फळं, काकडी, पनीर, उकडलेला बटाटा, मऊ भात असं साधं, गार खाणं जमतं. चातुर्मासात करतो तसं कांदा-लसूण सोडून हिंग वाढवू नका. हिंगाचा वासही गंधकाच्या संयुगांचाच असतो.

वासाचा सराव हा बिनखर्चाचा उपाय आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, प्रत्येक साधारण दहा सेकंद, सकाळ-संध्याकाळ, किमान १२ आठवडे. हुंगताना तो वास कसा होता ते आठवायचं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण नाकातल्या वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, त्यामुळे प्रयत्नाला जागा आहे. नाकात जस्ताचं जेल वगैरे घालू नका. वास जाण्याच्या तक्रारी आल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये तशा उत्पादनांबद्दल इशारा दिला होता.

वास गेला की माणूस बारीक होतो की जाड?

दोन्ही बघायला मिळतं. काहींचं जेवणावरून मन उडतं आणि वजन घटतं. काही जण समाधान शोधत खात राहतात आणि जिभेला कळणाऱ्या गोष्टी वाढवतात: साखर, मीठ, तळलेल्याचा कुरकुरीतपणा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना हे दुसरं जास्त महागात पडतं.

आजोबा हल्ली प्रत्येक भाजीत वरून मीठ घेतात. हे वासाशी संबंधित आहे का?

असू शकतं. वयाबरोबर वास हळूहळू कमी होतो आणि तो गेल्याचं माणसाच्या लक्षातही येत नाही. 'भाजीला पूर्वीची चव राहिली नाही' अशी तक्रार मात्र येते आणि सून उगीच वाईट ठरते. मीठ वाढवण्याऐवजी वास वाढवा: वरून ताजी फोडणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू, कोथिंबीर. खाऱ्या पदार्थांशी जोडलेले वास असले की कमी मीठही थोडं जास्त भासतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. परिणाम लहान आहे, पण फुकट आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे विटलेलं अन्न आणि गॅस. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. ज्याला वास येत नाही त्याला ही सूचना पोहोचतच नाही. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाच्या घरी गळतीसूचक यंत्र बसवा आणि उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहायची सवय लावा.

नैवेद्याचा वास घेऊ नये म्हणतात. त्यामागे काही विज्ञान आहे का?

नाही. तो मान देवाचा आहे, त्याला विज्ञान चिकटवायची गरज नाही. तसंही मोदक उकडत असताना नाक कोण बंद ठेवणार?

डॉक्टरांकडे कधी जावं?

सर्दी बरी झाल्यावरही दोन-तीन आठवड्यांत वास परतला नाही, डोक्याला मार लागल्यानंतर गेला, एकाच नाकपुडीतला गेला किंवा सोबत रक्त येतंय, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाकात वाढलेले मस्से हे बऱ्याचदा सापडणारं आणि उपचार होणारं कारण आहे. काही कारण नसताना वास हळूहळू जात असेल आणि हालचालींत संथपणा किंवा हाताला कंप असेल तर तेही सांगा, कारण पार्किन्सनच्या आजारात वास कधी कधी कंपाच्या कितीतरी वर्षं आधी जातो. आणि 'वास येत नाही' एवढंच सांगून थांबू नका. जेवण किती कमी झालं, वजन किती उतरलं, वरून मीठ-साखर किती वाढली, हेही सांगा. तपासणीत हे बहुधा कुणी आपणहून विचारत नाही.